यीस्ट उपाशी राहिलं की मेलं? जड धातूंचा पोषणावरचा परिणाम मोजण्याची रीत

दरवर्षी जुलै संपत आला की तिसऱ्या वर्षाचे गट प्रोजेक्टचे विषय घेऊन येतात, आणि एखाद्या वहीत हमखास असतं: 'जड धातूंचा यीस्टच्या पोषकद्रव्य-शोषणावर होणारा परिणाम'. विषय चांगला आहे. यीस्ट स्वस्त आहे, मुंबईच्या हवेत इन्क्युबेटर बंद पडला तरी तीस अंशांच्या आसपास मजेत वाढतं, आणि लागणारे क्षार प्रिन्सेस स्ट्रीटला एका फेरीत मिळतात. पण याच विषयात आमच्या प्रयोगशाळेत आम्ही एकदा असे फसलो, की ते आधी सांगितलेलं बरं.

एका गटाने शिसं घेतलं होतं. लेड नायट्रेट, ०.१ ते ५ मिलीमोलर. यीस्टने साखर कंट्रोलइतकीच, म्हणजे धातू न दिलेल्या नळीइतकीच खाल्ली, आलेखाच्या सगळ्या रेषा एकमेकींवर बसल्या. निष्कर्ष तयार: शिशाचा परिणाम होत नाही. मी सही करायला पेन काढलं तेवढ्यात एकीने सहज म्हटलं, "मॅडम, जास्त शिशाच्या नळीत यीस्ट लवकर खाली बसतं हो." ते यीस्ट नव्हतंच. फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) शिसं पडताक्षणी लेड फॉस्फेटचा पांढरा साका झाला होता. यीस्टची आणि शिशाची गाठच पडली नव्हती. चूक मुलींची कमी, माझी जास्त, कारण बफर मीच सुचवला होता.

तेव्हापासून मी प्रत्येक गटाला तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावते. धातू खरोखर द्रावणात होता का? पेशी जिवंत होत्या का? आणि आपण मोजलं ते, मोजायचं होतं तेच होतं का? या तिन्हींची उत्तरं हातात नसतील, तर 'धातूमुळे शोषण घटलं' हे वाक्य लिहू नये. खालची सगळी रीत त्या तीन प्रश्नांभोवतीच रचलेली आहे.

आधी दारं समजून घ्या

यीस्टच्या पेशीत धातूला वेगळं दार नाही. तो शिरतो तो अन्नाच्याच दारातून. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा प्रोजेक्ट कळला.

सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, म्हणजे आपलं पाववाल्याचं यीस्ट, जस्त आत घेतं ते झेडआरटी१ नावाच्या वाहक प्रथिनातून. कॅडमियम जस्तासारखाच वागतो, त्यामुळे याच दाराने घुसतो. मँगनीजच्या दारातूनही त्याला वाट मिळते. क्रोमेटचा, म्हणजे क्रोमियमच्या सहा-संयुजी रूपाचा, आकार सल्फेटसारखा, म्हणून तो सल्फेटच्या वाहकांतून येतो आणि सल्फेटची जागा अडवतो. आर्सेनेट फॉस्फेटची नक्कल करतो आणि पीएचओ८४ या फॉस्फेटच्या वाहकातून आत जातो. आर्सेनिकचं दुसरं रूप, आर्सेनाइट, ग्लिसरॉलच्या वाटेने जातं. थोडक्यात, धातू दारात उभा असेल तर अन्न अडणार, आणि अन्न भरपूर असेल तर धातू अडणार. म्हणूनच माध्यमात काय काय आहे याला एवढं महत्त्व.

तांब्याची गोष्ट निराळी, कारण तो विषही आहे आणि गरजही. लोह आत घेणाऱ्या यंत्रणेतलं एफईटी३ हे प्रथिन तांब्याशिवाय चालत नाही. म्हणजे तांबं फार कमी झालं तरी लोहाची उपासमार, आणि फार जास्त झालं तर पेशीपटलातल्या मेदाचं ऑक्सिडीकरण होऊन पटलच गळू लागतं. जास्तीच्या तांब्याला बांधून ठेवायला यीस्टकडे सीयूपी१ हे मेटॅलोथायोनिन असतं. त्याच्या जनुकाच्या प्रती वेगवेगळ्या वाणांत वेगवेगळ्या संख्येने असतात. त्यामुळे दोन गटांनी दोन बेकऱ्यांतून यीस्ट आणलं आणि तांब्याचे आकडे जुळले नाहीत, तर लगेच एकमेकांवर खापर फोडू नका.

आता साखर आणि फॉस्फेट यांतला फरक. ग्लुकोज आत येतं ते उतारावरून पाणी यावं तसं: बाहेर जास्त, आत कमी, मधे वाहक. ऊर्जा लागत नाही. मात्र तो उतार टिकतो, कारण आत आलेल्या ग्लुकोजला पेशी लगेच फॉस्फेट जोडून पुढे ढकलते. फॉस्फेट आणि अमिनो आम्लांचं तसं नाही. ती प्रोटॉनचा हात धरून आत येतात, आणि तो प्रोटॉन बाहेर राहावा म्हणून पटलातला पीएमए१ हा पंप पेशीच्या ऊर्जेचा मोठा वाटा खर्च करत सतत प्रोटॉन बाहेर फेकत असतो. पटल गळकं झालं किंवा पंप मंदावला, तर फॉस्फेट आणि अमिनो आम्लांना आधी फटका बसतो, साखरेला नंतर. म्हणून माझा आग्रह असतो: एकच पोषकद्रव्य मोजू नका. निदान दोन मोजा, एक उताराचं आणि एक पंपावर अवलंबून असलेलं. दोघांतल्या फरकात खरी माहिती असते.

शोषण नेहमी घटतंच असंही नाही. कॅडमियम आत गेला की पेशी त्याला ग्लुटाथायोन या छोट्या रेणूशी बांधते आणि वायसीएफ१ या पंपाने रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या कोठीत, कोंडते. ग्लुटाथायोनला गंधक लागतं. म्हणून पेशी गंधक मिळवण्याची सगळी यंत्रणा वाढवते, इतकी की गंधक जास्त लागणाऱ्या काही प्रथिनांच्या जागी कमी गंधकाची प्रथिनं बनवू लागते. अशा वेळी सल्फेट मोजणाऱ्याला आलेख वर जाताना दिसेल. तो बरोबर असू शकतो.

धातू निवडताना

पहिल्या प्रयोगाला तांबं घ्या. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, स्वस्त आहे, निळा रंग डोळ्याला दिसतो आणि चुकून सांडलं तर आवरता येतं. दुसरा धातू जस्त. शिसं घ्यायचं तर शिक्षक समोर असताना आणि फॉस्फेट, सल्फेट, क्लोराइड यांपासून लांब. कॅडमियम, पारा, क्रोमेट आणि आर्सेनिक यांना पदवीच्या प्रोजेक्टमध्ये हात लावू नये असं माझं मत आहे. कॅडमियम, सहा-संयुजी क्रोमियम आणि आर्सेनिक हे कर्करोगकारक आहेत, आणि आपल्याकडे प्रत्येक कॉलेजात चालू असलेला फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर ओढणारं कपाट) असतोच असं नाही. घरच्या ओट्यावर तर यातलं काहीच करू नका, मोरचूदसुद्धा नाही.

दरवर्षी कुणीतरी मिठी नदीचं पाणी थेट फ्लास्कमध्ये ओतायची कल्पना काढतं. कल्पनेचं मी कौतुक करते आणि नाही म्हणते. माहीमच्या खाडीजवळ भरतीचं खारं पाणी वर चढतं, सांडपाण्यातला अमोनिया असतो, गाळातले सेंद्रिय पदार्थ धातूला बांधून ठेवतात. यीस्ट मंदावलं तर दोष कुणाचा, हे ठरणार कसं? आधी शुद्ध क्षारावर यीस्टचं वागणं समजून घ्या, मग नदीकडे जा.

द्रावणं

काचेची भांडी १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून ठेवा आणि डिस्टिल्ड पाण्याने चार-पाच वेळा खळखळून धुवा. आदल्या बॅचच्या काचेला चिकटलेलं तांबं कंट्रोलमध्ये उतरतं, आणि कंट्रोलच बिघडलं तर पुढचं सगळं वाया.

मोरचुदाचा रेणुभार २४९.७. त्यातले पाच पाण्याचे रेणू धरून. १०० मिलिमोलर साठा हवा असेल तर २.४९७ ग्रॅम १०० मिलिलिटरमध्ये. बाटलीवर पाण्याच्या रेणूंची संख्या वाचल्याशिवाय वजन करू नका. कॅडमियम क्लोराइडच्या निर्जल आणि सजल रूपांत जवळपास चौथाई वजनाचा फरक आहे, तसाच इतरांतही असतो. जस्ताचं क्लोराइड पावसाळ्यात बाटलीतच पाणी ओढून ओलं होतं, म्हणून जस्तासाठी सल्फेट घ्या. साठा ऑटोक्लेव्ह करू नका, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा.

तीव्रता नेहमी मिलिमोलरमध्ये लिहा, पीपीएममध्ये (दर दशलक्ष भागांत किती वजन) नाही. १० पीपीएम तांबं म्हणजे ०.१५७ मिलिमोलर, आणि १० पीपीएम शिसं म्हणजे फक्त ०.०४८. पीपीएमवर तुलना केली तर तुम्ही शिशाचे अणू तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच दिलेले असतात आणि वर 'तांबं जास्त विषारी' असं लिहून मोकळे होता.

बफर एमईएस, २० मिलिमोलर, पीएच ५.५. तो धातूंना फारसा धरत नाही. फॉस्फेट नको, सायट्रेट नको (सायट्रेट तांब्याला घट्ट पकडतं), पेप्टोन-यीस्ट एक्स्ट्रॅक्टचं माध्यमही प्रयोगाच्या वेळी नको. ते फक्त यीस्ट वाढवायला. पीएच ५.५ च्या वर फार जाऊ नका, तांब्याचं हायड्रॉक्साइड होऊ लागतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळवायचं: बफर, ग्लुकोज आणि धातूची सर्वांत जास्त तीव्रता एकत्र करून, यीस्ट न घालता, काळ्या कागदासमोर तासभर ठेवा. जराही गढूळ झालं तर तीव्रता कमी करा किंवा धातू बदला. हे दहा रुपयांचं काम आहे. आम्ही ते केलं नव्हतं.

यीस्ट तयार करणं

बेकरीचं ओलं दाबलेलं यीस्ट मिळालं तर उत्तम. किराणा दुकानातलं इन्स्टंट कोरडं यीस्टही चालतं, पण त्यात इमल्सिफायर मिसळलेलं असतं, फेस येतो, आणि दोन्हींत थोडेफार जिवाणू सोबतीला असतात. म्हणून थेट पुडीतून प्रयोगात नको. पेट्री प्लेटवर रेघा ओढून एकटी वसाहत निवडा. ज्यांना ओळख पटलेला वाण हवा त्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीव संग्रहाकडून किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या संग्रहाकडून मागवावा. त्याला वेळ लागतो, तेव्हा अर्ज गणपतीआधी करा.

वाढीसाठी यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ टक्का, पेप्टोन २ टक्के, ग्लुकोज २ टक्के. ५०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये १०० मिलिलिटर माध्यम, ३० अंश, १५० आरपीएम, रात्रभर. सकाळी सेंट्रिफ्यूज करा, थंड डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा. दोनदा म्हणजे दोनदाच. एकदा धुऊन सोडलं तर पेप्टोन मागे राहतं आणि तांब्याला गिळतं.

मग पेशींना एमईएस बफरमध्ये साखर न देता दोन तास हलवत ठेवा. पोटात साठवलेलं ग्लायकोजेन थोडं उतरलं, की बाहेरची साखर घ्यायला त्या नीट बसतात. फॉस्फेटचा प्रयोग असेल तर हा उपास फॉस्फेट नसलेल्या माध्यमात ग्लुकोजसह तीन तासांचा ठेवा, म्हणजे पीएचओ८४ पुरेसं तयार होतं. शेवटी १०० मिलिलिटर बफरमध्ये २ ग्रॅम ओला गर (सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसलेलं यीस्ट), इतकं दाट निलंबन करा. ओल्या गराचा साधारण पाचवा हिस्सा कोरडा असतो, पण अंदाजावर राहू नका. ५ मिलिलिटर निलंबन वजन केलेल्या बशीत ८० अंशांना वाळवून खरं वजन काढा. पावसाळ्यात बशी ओव्हनमधून काढल्यावर डेसिकेटरमध्येच गार करा. ऑगस्टमध्ये उघड्या बाकावर ठेवलेल्या बशीचं वजन डोळ्यादेखत वाढतं.

मुख्य प्रयोग: साखर

तांब्याच्या तीव्रता ०, ०.०५, ०.१, ०.२५, ०.५ आणि १ मिलिमोलर. प्रत्येकाचे तीन फ्लास्क. यीस्टच्या निलंबनात धातू घालून १० मिनिटं हलवा, मग ग्लुकोज घाला, अंतिम प्रमाण १ टक्का. ० मिनिटाचा नमुना लगेच, नंतर १०, २०, ३०, ४५, ६० मिनिटांना. दर वेळी १ मिलिलिटर बर्फातल्या नळीत, आणि लगेच मायक्रोफ्यूजमध्ये (छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये) मिनिटभर. 'लगेच' हा शब्द मी वहीत अधोरेखित करून घेते, कारण नळी बाकावर राहिली की आतलं यीस्ट जेवतच असतं. दोघांनी मिळून काम करा, एकाने काढायचं, दुसऱ्याने फिरवायचं, फ्लास्क अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या अंतराने सुरू करायचे.

वरचं निवळ द्रावण वीसपट विरळ करून डीएनएसए पद्धतीने (साखरेसोबत गरम केल्यावर रंग बदलणाऱ्या डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाने) ५४० नॅनोमीटरला वाचा. आता एक गंमत. डीएनएसए अभिकारकात अल्कली असतो आणि रोशेल मीठ, म्हणजे टार्टरेट, असतं. त्यात तुमच्या नमुन्यातलं तांबं आलं की झालं काय? फेलिंगचं द्रावण! शाळेत साखर ओळखायला वापरलं तेच. गरम करताना ते तांबं स्वतःच थोडी साखर खातं. वीसपट विरळ केल्यावर हा हिस्सा छोटा उरतो, पण शून्य नसतो. म्हणून स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या साखरेवरून काढलेला तुलनेचा आलेख) दोन काढा, एक धातूविना, एक तितक्याच विरळ केलेल्या तांब्यासह. ग्लुकोज ऑक्सिडेजचं तयार किट वापरणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं, कारण तिथे मोजणारं एन्झाइमच काही धातूंनी मंदावतं; पारा आणि चांदी त्याला चांगलंच दाबतात. यीस्ट ठणठणीत आणि किट आजारी, असाही प्रकार होतो. तिसरा प्रश्न तो हाच.

कंट्रोल किती ठेवायचे यावर दरवर्षी वाद होतो. माझी यादी कमी होत नाही. धातूविना यीस्ट. यीस्टविना धातू आणि साखर. पाण्यात उकळून मारलेलं यीस्ट अधिक धातू: मेलेल्या पेशींची भित्तिकासुद्धा धातू धरते, कारण भित्तिकेतल्या मॅनोप्रोटीनवर कार्बोक्झिल आणि फॉस्फेट गट असतात, पण साखर मात्र कमी होता कामा नये. कॉपर सल्फेटच्या जोडीला तितकंच पोटॅशियम सल्फेट, म्हणजे दोष तांब्याचा की सल्फेटचा ते कळेल. आणि शेवटचा, सगळ्यांत बोलका: तांब्यासोबत तितकंच ईडीटीए, म्हणजे धातूला घट्ट पकडून ठेवणारं रसायन.

या शेवटच्या कंट्रोलमागे जुना इतिहास आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात ॲसर रॉथस्टाइन आणि सहकाऱ्यांनी यीस्टला युरेनियम देऊन पाहिलं. यीस्टचं साखर घेणं थांबलं. पण फॉस्फेट घातल्यावर युरेनियम पेशीवरून सुटलं आणि साखर पुन्हा आत जाऊ लागली. म्हणजे युरेनियम आत शिरलंच नव्हतं, उंबरठ्यावर बसून होतं. तुमच्या प्रयोगात धातू देऊन दहा मिनिटांनी ईडीटीए घातलं आणि शोषण परत आलं, तर परिणाम पृष्ठभागावरचा. तासाभराने घातलं आणि परत आलं नाही, तर नुकसान आत पोचलं. दोन्ही वेळा करून पाहाच.

पंप चालू आहे का: पीएचची चाचणी

या चाचणीला फक्त पीएच मीटर लागतो, आणि तरी ती सगळ्यांत जास्त सांगते. धुतलेलं यीस्ट साध्या डिस्टिल्ड पाण्यात घ्या, बफरमध्ये नाही. बफरमध्ये काहीच हलणार नाही आणि तुम्ही मीटर बिघडला म्हणून तक्रार कराल. ढवळत दहा मिनिटं पीएच नोंदवा, मग ग्लुकोज घाला आणि पुढची वीस मिनिटं दर मिनिटाला आकडा लिहा. निरोगी यीस्ट साखर मिळताच प्रोटॉन बाहेर फेकतं आणि पीएच भराभर ४ च्या आसपास उतरतो. बिअर बनवणारे यीस्टची तब्येत अशाच चाचणीने बघतात.

तांबं दिलेल्या यीस्टमध्ये हा उतार मंद दिसेल किंवा दिसणारच नाही. मात्र मोरचुदाचं द्रावण मुळातच आम्लधर्मी असतं. सुरुवातीचा पीएच सगळ्या नळ्यांत सारखा करून घ्या, नाहीतर धातूचंच आम्ल तुम्ही पंपाच्या नावावर मांडाल. ज्यांच्याकडे फ्लेम फोटोमीटर (ज्योतीच्या रंगावरून पोटॅशियमसारखे धातू मोजणारं यंत्र) आहे त्यांनी याच नमुन्यांत बाहेर आलेलं पोटॅशियमही मोजावं. तांब्याने पटल फाटलं की पेशीतलं पोटॅशियम पहिल्यांदा बाहेर येतं.

फॉस्फेट

१ मिलिमोलर पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट घालून तेच वेळापत्रक, आणि मोजायला फिस्के-सुब्बाराव पद्धत. १९२५ साली ती प्रसिद्ध झाली. त्यातले सुब्बाराव म्हणजे आंध्रातून हार्वर्डला गेलेले येल्लाप्रगड सुब्बाराव. शतक उलटलं तरी आपल्या प्रयोगशाळांत ६६० नॅनोमीटरला तीच निळाई वाचली जाते.

शिसं इथे वापरता येत नाही, त्याचं कारण आता तुम्हाला माहीत आहे. आर्सेनेट वापरायचा मोह कुणाला झाला, तर या पद्धतीतल्या मोलिब्डेटशी आर्सेनेटसुद्धा तसाच रंग देतो, हे एक कारण पुरे. तांबं आणि जस्त चालतात, पण कमी तीव्रतेत, आणि यीस्टविना ठेवलेल्या फ्लास्कमधलं फॉस्फेट तासाभरात जराही घटलं तर तो साका आहे, शोषण नाही.

जिवंत किती

दर तीव्रतेचा नमुना तासाच्या शेवटी मिथिलीन ब्लूमध्ये मिसळून न्यूबावर चेंबरवर (पेशी मोजायच्या चौकटीदार काचेवर) मोजा. जिवंत पेशी रंगाचं क्षपण करते म्हणून पांढरी दिसते, मेलेली निळी. निदान तीनशे पेशी मोजा. पण मिथिलीन ब्लू खरं तर पेशी काम करतेय का ते सांगतं; बेशुद्ध पडलेली पेशीही निळी दिसू शकते. म्हणून जोडीला विरळ करून प्लेटवर पसरा आणि वसाहती मोजा. दोन आकडे जुळले नाहीत तर दोन्ही लिहा.

हे का लागतं ते एका हिशेबाने कळेल. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत. कंट्रोलमध्ये वीस मिनिटांत साखर १० वरून ८.२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर झाली. घट १.८ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोमोल. कोरडं यीस्ट मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम. वेग: १० भागिले (४ गुणिले २०), म्हणजे ०.१२५ मायक्रोमोल प्रति मिलिग्रॅम प्रति मिनिट. तांब्याच्या फ्लास्कमध्ये घट ०.९ मिलिग्रॅम, वेग ०.०६२५. गट आनंदाने लिहितो: शोषण ५० टक्के घटलं. आता प्लेट सांगते की या फ्लास्कमध्ये ६० टक्केच पेशी जिवंत आहेत. ०.०६२५ भागिले ०.६ म्हणजे ०.१०४. जगलेल्या पेशींचं शोषण घटलं ते फक्त १७ टक्के. उरलेली घट मेलेल्यांची. पन्नास आणि सतरा यांत प्रोजेक्टचा सगळा निष्कर्ष बदलतो.

निकाल वाचताना

साखर आणि फॉस्फेट दोन्ही लगेच घटले, ईडीटीएने परत आले: धातू पृष्ठभागावर बसलाय. फॉस्फेट घटलं, पीएचचा उतार मंदावला, साखर मात्र बऱ्यापैकी चालू: पंप किंवा पटलाचा प्रश्न, आणि तांब्यात बहुतेकदा हेच चित्र आधी दिसतं. साखर घटली पण पीएच कंट्रोलसारखाच उतरला: आधी डीएनएसएचं स्टँडर्ड तपासा, मग पेशीवर संशय घ्या. सगळंच एकदम कोसळलं आणि मिथिलीन ब्लूमध्ये निळ्याशार पेशी दिसल्या: तुम्ही शोषण नव्हे, मृत्यू मोजलाय. तीव्रता खाली आणा आणि पुन्हा करा.

धातूचा अडथळा स्पर्धात्मक (अन्नाचीच जागा अडवणारा) की अस्पर्धात्मक, हे ठरवायला लाइनवीव्हर-बर्कचा (वेग आणि साखर यांच्या व्यस्तांचा) आलेख काढायचा हट्ट काही परीक्षक धरतात. यीस्टमध्ये ग्लुकोजचे अनेक वाहक एकाच वेळी काम करतात, आणि आपण मोजतो ते दहा-दहा मिनिटांनी बाहेर उरलेली साखर. खरा शोषणवेग काही सेकंदांत, किरणोत्सारी ग्लुकोज देऊन मोजतात. म्हणून शीर्षकात 'शोषण' लिहिलं तरी चर्चेत 'साखरेचा वापर' लिहा. तोंडी परीक्षेत कुणी विचारलं तर हेच सांगा, घाबरू नका.

धातू नेमका कुठे बसलाय हे हवं असेल तर गर १० मिलिमोलर ईडीटीएने धुवा. धुण्यात आला तो पृष्ठभागावरचा, उरलेला नायट्रिक आम्लात विरघळवून ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन या धातू मोजणाऱ्या यंत्रावर मोजला तो आतला. यंत्र कॉलेजात नसतं, पैसे भरून बाहेर करून घ्यावं लागतं, म्हणून सगळे नमुने नाही, तीन निवडा: शून्य, मधला आणि सर्वांत वरचा.

उरलेलं द्रावण

प्रयोगाच्या पहिल्या दिवशी प्लॅस्टिकचा कॅन ठेवा आणि त्यावर धातूचं नाव, तारीख, अंदाजे प्रमाण लिहा. धुणं, साका, गर, पिपेटच्या पिवळ्या टिप्स, सगळं त्यात. तांब्याचं द्रावण सोडियम कार्बोनेट घालून साक्यात उतरवलं की आकारमान कमी होतं. वरचं पाणी बिनरंगी झालं म्हणून लगेच बेसिनमध्ये ओतू नका, तेही कॅनमध्येच. कॅन भरला की कॉलेजच्या घातक कचऱ्याच्या नोंदवहीत चढवून अधिकृत ठेकेदाराकडे द्यायचा. आमच्या खिडकीतून समोर नाला दिसतो, तो कुठे जाऊन मिळतो हे मुलींना ठाऊक आहे. तरी सत्राच्या शेवटी कॅनची पातळी आणि वापरलेल्या द्रावणांची बेरीज मी स्वतः ताडून बघते, आणि दोन्ही जुळेपर्यंत प्रोजेक्टवर सही करत नाही.